पूजा किती वाजता झाली

तेर, वैशाख वद्य दशमी, शके १८६४

इरम्माला, आन हे तिला वाचून दाखवणाऱ्या गुंडप्पाअण्णांना, तेरहून सोमलिंगचा शरणार्थ.

अण्णा, आधी तुमच्याशीच बोलतो. तुमच्या बहिणीला वाचता येत न्हाय, म्हणून हे पत्र तुमच्या तोंडून तिच्या कानात जाणार. नवराबायकोचं बोलणं मेव्हण्याच्या तोंडून जायचं म्हणजे मला कसंतरीच व्हतंय. तरी जे लिवलंय ते वाचा. मधलं गाळू नका, पदरचं घालू नका, आन हसायचंच असंल तर वाचून झाल्यावर हसा.

इरम्मा, तू बसवजयंतीला अण्णांच्या गाडीत बसून माकणीला गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. पत्र दुसऱ्याच दिवशी लिवणार व्हतो. बघतो तर शाई वाळलेली. शाई आणली तर टाक मोडका. टाक आणला तवर दुकानात सुताचं गाठोडं आलं. पुढचं तुला ठावंच हाय, लांबण लावत न्हाय.

गाडीत बसताना तू एकच बोललीस. "तुमची पूजा झाली की कळवा, म्या जेवायला येईन." तर कळवतो की पूजा झाली. रोज व्हतीय. एका दिवसाचा खाडा न्हाय. सोमलिंगनं गळ्यातलं लिंग हातावर घेतल्याबिगर तोंडात घास घातला, असं अख्ख्या तेरात कुणी म्हणून दावावं. तवा आता निघून ये.

का गेलीस तेच मला उमगत न्हाय. आपल्यात भांडण न्हाय, तंटा न्हाय. मी दारू पीत न्हाय, हात उगारत न्हाय. संक्रांतीपासनं तुझं एक जोडवं तुटलेलं हाय, सोनाराकडं न्यायचं राहिलं, हे कबूल. न्हाणीवरचा पत्रा गळतो, ते बी कबूल. तुझ्या भावजयीला बाळंतपणात बघायला जायचं व्हतं, ते पोर आता चालायला लागलं म्हणतात. पण एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का? आन ती घागर फुटली त्याचं मनाला लावून घेतलं असशील तर घेऊ नगं. मातीचीच घागर, ती फुटायचीच. दुसरी आणतो.

यंदा अधिक महिना हाय. वर्षात आख्खा महिना फुकटचा मिळतोय. तेवढ्यात समदं उरकून टाकतो बघ. आलीस की घर ओळखायची न्हाईस.

सोमलिंग


तेर, अधिक ज्येष्ठ वद्य तृतीया

इरम्मा,

अण्णांचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "इरम्मा विचारते, किती वाजता?" म्या कार्ड उलटं करून बघितलं, मागं काय असंल म्हणून. मागं पत्ता व्हता.

पूजेला कुणी वाजलेलं बघतं का? पहिल्यांदा मला रागच आला. मग वाटलं, विचारलंय तर बघूया की. घड्याळ आपल्याकडं न्हाय, पण टेसनातल्या गाडीची शिट्टी हाय. सकाळची गाडी जाते तवा माझी अंघोळ झालेली असती, ही पक्की खात्री. म्हणजे पूजा त्याच्या मागोमागच व्हत असणार, असं मी धरून चाललो व्हतो. दुसऱ्या दिवशी ध्यान ठेवून बसलो. तर दुपारच्या गाडीची शिट्टी झाली आन लिंग अजून माझ्या गळ्यातच! मला वाटलं, गाडीच लवकर आली. टेसनात जाऊन मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणले, "लवकर? आमची गाडी? अप्पा, आज ती पाऊण तास लेट हाय."

तवापासनं मला ह्याचा छंदच लागलाय. चोरी झाली की पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब तहकिकात करतात, तशी म्या माझ्या सकाळची तहकिकात मांडली. अंघोळीपासनं पूजेपर्यंत जे जे केलं ते खडूनं दुकानाच्या फळीवर लिवत गेलो. बेल आणायला गेलो. पानाला भोक दिसलं, म्हणून दुसऱ्या झाडाकडं गेलो. तिथनं येताना आपल्याच दुकानातला बैलाचा गोंडा उसवलेला दिसला, तो शिवला. मग समोरचा दगडोबा आला, त्याच्या बैलाच्या शिंगाला काय लावावं ह्यावर बोलणं झालं. आन एक ओळ अशी हाय, "नुसता बसलो." ती ओळ एका सकाळी सहा वेळा आली.

नुसता बसून काय करत व्हतो, हे मला आठवंना. मग पुढच्या दिवशी बसल्या बसल्या माझ्याच मनात डोकावलो. तर इरम्मा, गंमत बघ. बसून मी पूजेचाच विचार करत व्हतो. आता उठतो, पाणी घेतो, भस्म लावतो, हे समदं मनातल्या मनात तीनदा झालं आन अंग जागचं हललं न्हाय! मी काय आळशी न्हाय. आळशी माणूस लोळतो. मी दिवसभर भिंगरीसारखा हिंडतो, हजार कामं करतो, फक्त जे करायचं तेवढंच सोडून. मग ह्याला म्हणायचं तरी काय?

मठात जाऊन मल्लिकार्जुनअय्यांना विचारलं. अय्या हसले. म्हणले, "सोमलिंगा, तुला पूजा लई मोठी करायची असती. निवांत पायजे, बिनभोकाचा बेल पायजे, एकशेआठ जप पायजे. एवढं एकदम जमंना, म्हणून तू ती पुढं ढकलतोस. अरे, लिंग दिवसभर तुझ्या छातीवर हाय. हातावर घे, पाणी घाल, एक पान ठेव, बघ त्याच्याकडं. झाली पूजा."

पटलं. तीन दिवस तसं केलं आन सकाळच्या गाडीआधी मोकळा झालो. चौथ्या दिवशी मन म्हणलं, एवढीशीच तर हाय, कवाबी करता येईल. त्या दिवशी दुपारची गाडी जाऊन धूर बी दिसेनासा झाला, तवा कुठं पाणी घेतलं. मोठी व्हती म्हणून राहायची, बारकी केली म्हणून राहिली. अय्यांना सांगितलं तर तेबी डोकं खाजवत बसले.

तू अकरा वर्षं हे बघत व्हतीस. तुला काय दिसलं ते कळव. मला खरंच जाणून घ्यायचंय.

सोमलिंग

ता.क. अधिक महिन्यात पत्रा दुरुस्त करणार व्हतो. महिना अजून संपला न्हाय.


तेर, ज्येष्ठ वद्य दशमी

इरम्मा,

तुझं काय उत्तर आलं न्हाय. अधिक महिना संपला, निज बी संपत आला, पत्रा आहे तसाच हाय.

शेजारच्या द्वारकाबाई मला सांजच्याला भाकरी आणून देतात. सकाळचं मी माझं थापतो, त्याचं वर्णन करत न्हाय. परवा त्या भाकरी देऊन उंबऱ्यात बसल्या. म्या त्यांना माझ्या तहकिकातीचं सांगितलं, फळीवरचा खडू दावला. त्यांनी ऐकून घेतलं आन म्हणल्या, "अप्पा, तुमी स्वतःचंच मोजताय. पाटलाच्या म्हशीचं दूध मोजावं तसं. तुमची पूजा लांबली की घरात काय व्हायचं ते मोजलं का?"

म्या विचारलं, "काय व्हायचं?"

"अगं बाई! ह्याला ठावंच न्हाय," असं त्या भिंतीला म्हणल्या, मला न्हाय. मग माझ्याकडं वळून म्हणल्या, "तुमच्या आईनं तिला आल्या दिवशी सांगून ठेवलं व्हतं, नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा न्हाय. पूजेबिगर तुमी जेवणार न्हाय, आन तुमी जेवल्याबिगर ती जेवणार न्हाय. तिची पूजा कोंबड्याच्या वक्ताला उरकलेली. मग दुपार कलेपर्यंत चुलीपुढं बसून काय करत असंल? नुसती बसत असंल."

मी चिडलो. म्हणलो, "म्या तिला कितीदा सांगितलं, तू जेवून घे, माझी वाट बघू नगं." हे खरं हाय का न्हाय, इरम्मा? सांगितलं व्हतं की न्हाय?

द्वारकाबाई म्हणल्या, "सांगणाऱ्याचं काय जातंय."

रात्रभर ते बोलणं डोक्यात राहिलं. भूक मला बी लागते. मी बी तर दुपारपर्यंत उपाशीच असतो, मग तुला तेवढं वेगळं काय झालं असंल? हे बसून कळायचं न्हाय असं वाटलं, म्हणून करून बघायचं ठरवलं. मठात गेलो आन अय्यांच्या पुढं आठ दिवसांचा नेम घेतला. पूजा सकाळीच करायची, पण जेवायचं दगडोबा जेवल्यावर. तेरात माझ्याहून मागं राहणारा तेवढा एकच माणूस हाय. बैल धुतल्याबिगर तो भाकरी सोडत न्हाय, आन बैल कवा धुवील ते बैलाला बी ठाऊक नसतं. अय्या म्हणले, "त्याला सांगायचं न्हाय बरं का." म्या विचारलं, का? तर म्हणले, "इरम्मानं तुला सांगितलं व्हतं का?"

पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी दहादा दारात जाऊन त्याच्या लिंबाखाली बघितलं. हातात सुताचा गुंता व्हता, पण ध्यान समदं त्याच्या भाकरीच्या फडक्याकडं. माझ्या पूजेमागं मी उपाशी राहायचो, तवा भूक माझ्या हातात व्हती. मनात आलं की उठून ती संपवता यायची. इथं तसं न्हाय. माझी भूक दुसऱ्याच्या अंगणात पडलेली, आन तो तिकडं बघंना.

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी गेली तवा राहवंना, त्याच्याकडं गेलो. दगडोबा काडीनं जमिनीवर रेघोट्या ओढत बसलेला. बैल उन्हात.

"दगडोबा, जेवला न्हाईस अजून?"

"जेवतोच की आता. एवढे बैल धुतो."

"मग धू की!"

"धुतोच की आता. असली काय घाई हाय, सोमअप्पा? तुमाला भूक लागली का काय? बसा, माझी अर्धी भाकर खा."

इरम्मा, माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्याचीच काठी त्याच्या टाळक्यात घालावी असं वाटलं. अन् त्या बिचाऱ्याचा काय दोष? तो मला अर्धी भाकर देत व्हता. माझ्या तोंडचा घास त्याच्याकडं हाय, हे त्याला ठाऊकच न्हाय. तसाच घरी आलो आन चुलीपुढं बसलो, तू बसायचीस तिथं. त्या जागेवरनं दुकानाचा ओटा सरळ दिसतो. मला ते माहीत नव्हतं.

आज पाचवा दिवस. अजून तीन राहिलेत.

सोमलिंग


तेर, आषाढ शुद्ध षष्ठी

अण्णा, आजचं पत्र वाचताना भावजयीला आन पोरांना बाहेर जायला सांगा. तुमी बी ऐकू नये असं हाय, पण तुमच्याबिगर ते तिच्यापर्यंत जात न्हाय.

इरम्मा, पहिल्या पत्रात म्या घागरीचं लिवलं. घागर आपोआप फुटली असं लिवलं. आता खरं लिवतो.

त्या दिवशी दुपारची गाडी जाऊन लई वेळ झाला व्हता. मी ओट्यावर, हातात बेल, आन एका गिऱ्हाइकाला सांगत व्हतो की यंदा पोळ्याच्या आधी माल तयार असंल. दर साली आपले गोंडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तयार व्हतात, वरातीमागून घोडं, आन गाव हसतं. तो हसत व्हता, मी बी हसत व्हतो. तेवढ्यात आवाज झाला. आत आलो तर तू पडलेली, घागरीचं पाणी तुझ्या पाठीखाली. म्या तुला बसवलं, तोंडावर पाणी मारलं. तू डोळे उघडून विचारलंस, "झाली का पूजा?" म्या म्हणलो, "झालीच आता. बसतोच." आन तू हसलीस. मला वाटलं, हसली म्हणजे बरी हाय.

इथपर्यंत तुला ठावं हाय. पुढचं बी ठावं हाय, पण म्या कवा कबूल केलं न्हाय. तुला भिंतीला टेकवून मी पुन्यांदा ओट्यावर गेलो. गिऱ्हाईक थांबलं व्हतं म्हणून. पूजा तिथनं पुढं तासाभरानं झाली. बेशुद्ध पडलेली बायको, आन तरी तासभर! त्या तासात मी काय केलं ते आठवायला लई झटलो. काय केलं न्हाय. नुसता बसलो व्हतो.

तुमच्या माकणीत दारावरनं जाणारा माणूस बी कानडीत विचारतो, "ऊट आत?" जेवण झालं का? लग्नात पहिल्यांदा आलो तवा मला त्याचं हसू आलं व्हतं, ह्या लोकांना खाण्याबिगर काय सुचत न्हाय म्हणून. अकरा वर्षांत म्या तुला ते एकदा बी विचारलं न्हाय. जेवून घे म्हणलो. जेवलीस का, असं न्हाय विचारलं. मला लाज वाटते, इरम्मा. देवाला उपाशी ठेवून मी त्याचा बेल निवडत हिंडलो, आन देवापरीस तुला जास्ती.

दगडोबाचा नेम संपला. सुटलो म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्यांदा ओट्यावर बसलो, तर आतनं कुणी बघतंय असं वाटलं. घरात कुणी न्हाय, चूल गार, तरी वाटलं. उठलो, पाणी घेतलं आन लिंग हातावर घेऊन बसलो. तवापासनं रोज उजाडायच्या आधी बसतो. तू आत उपाशी हाईस असं धरूनच चालतो. अय्यांना विचारलं, हे चालंल का, लिंगाकडं बघताना ध्यान चुलीकडं जातं? ते म्हणले, "जाऊ दे. वाट एकच हाय." दोन दिवस चुकलो. एकदा खरंच ताप व्हता, एकदा नव्हता.

आन एक नवल घडलंय. सकाळ मोकळी झाली तशी बाकीची कामं बी पुढं सरकायला लागली. पत्रा बसवला. जोडवं सोनाराकडनं आणलं, ते माझ्या खिशात हाय. गोंडे रंगवून दोरीवर वाळत घातलेत, लाल, पिवळे, हिरवे. पोळ्याला अजून दीड महिन्याच्या वर हाय! गाव बघायला येतंय. दगडोबानं विचारलं, "अप्पा, मागल्या सालचे का हे?"

आता एवढा पोळा पार पडला की तुला न्यायला येतो. ही बाजाराची वेळ हाय, दुकान टाकून निघता येत न्हाय.

सोमलिंग


तेर, आषाढ वद्य द्वादशी

इरम्मा,

अण्णांचं कार्ड आलं. "इरम्मा म्हणते, पोळा दर साली येतो."

बरोबर हाय तुझं. फळी पुसून पुन्यांदा खडू घेतला आन लिवलं, माकणीला का जात न्हाय? दुकान, असं लिवलं. ते खोटं निघालं. द्वारकाबाई दुकान माझ्यापरीस बरं चालवतात, गिऱ्हाईक त्यांना भितं. नदीला पाणी, असं लिवलं. ते बी खोटं. तुमची न् आमची तेरणा एकच, तिच्या कडेकडेनं गाड्या रोज जातात. मग जे राहिलं ते लिवलं आन लगेच पुसलं, कुणी वाचू नये म्हणून. तुला सांगतो. मी आलो आन तू न्हाय म्हणलीस तर? घरी बसलो तवर तू येणारच हाईस असं धरून चालता येतं. पूजेचं बी तसंच असंल का? हातावर घेतलं आन आत काय गवसलंच न्हाय तर, ह्या भ्यानं पुढं ढकलायचं? ह्याचं उत्तर अजून मला मिळालेलं न्हाय.

कवा निघणार ते लिवत न्हाय. लिवलं की निघाल्यासारखंच वाटतं, आन मग पाय उचलत न्हाय. ही गोष्ट मला ह्या पत्रांनीच शिकवली.

सोमलिंग


माकणी, महादेवाचं देऊळ, श्रावणातला दुसरा सोमवार

इरम्मा,

पत्त्याच्या जागी माकणी ऐकून तू थबकली असशील तर अण्णांना पुढं वाचायला सांग. मी तुमच्या गावात हाय. बैलगाडी देवळामागं सोडलीय. परवा दुकानाची किल्ली द्वारकाबाईंच्या हातावर ठेवली आन निघालो. त्यांनी विचारलं, "आत्ता?" म्या म्हणलो, "आत्ताच. मागनं निघतो म्हणलो तर घरीच सापडीन." दोन मुक्काम करून आज इथं पोचलो.

अण्णा देवळात भेटले, त्यांनी घरी चला म्हणून लई ओढलं. म्या न्हाय म्हणलो. तुझ्या घरात जावई म्हणून शिरलो तर पाटावर बसवाल, ताट वाढाल, आन तू पुन्यांदा मागं राहशील. तवा अण्णांना देवळातच थांबवून हे लिवतोय, ते घेऊन जातील.

पूजा झाली. वेळ विचारशील तर सांगतो, नदीकाठी, सूर्य वर यायच्या आत. मला भूक लागलीय. पण तू जेवलीस असं अण्णा येऊन सांगतील तवाच मी घास घेणार. हा नेम आठ दिवसांचा न्हाय. गडबड करू नगं, भाकरी सावकाश चावून खा. यायचं का न्हाय ते तुझं तू ठरव, त्याची मुदत मी घालत न्हाय. न्हाय म्हणलीस तरी तू जेवलीस का, ते रोज विचारीन, टपालानं.

सोमलिंग

पुढचं दीड तासानं लिवतोय. अण्णा हाच कागद घेऊन पोट धरून हसत आलेत. म्हणाले, "अहो जावईबापू, आज वार कोणता? इरम्माचा श्रावणी सोमवार हाय. तिचा उपास दिवेलागणीला सुटतो." अगंगंगं! तेरला अकरा श्रावण तू हे सोमवार धरलेस, आन माझ्या ध्यानात एक बी न्हाय. उभ्या मुलखात असा शहाणा दुसरा नसंल. बायकोसाठी उपाशी बसायला निघाला आन नेमका सोमवार गाठला!

अण्णांनी तुझा निरोप सांगितला, "त्यांना म्हणावं, तुमी जेवून घ्या, माझी वाट बघू नका." ह्या बोलण्यानं पोट कसं भरत न्हाय ते मला आज कळलं. अण्णा, तिला सांगा, म्या बसलोय. दिवेलागणी काय लांब न्हाय. आन बसायला एक घोंगडं मिळालं तर बघा, ही पायरी लई तापलीय.

अण्णा, ह्यापुढचं तुमच्यासाठी लिवतोय, कारण ती इथंच हाय. तुमी घोंगडं पाठवणार व्हतात ते तीच घेऊन आली, आन हा कागद बी. माझ्यापुढं टाकलं आन लांबच्या खांबाला टेकून उभी राहिली. म्हणली, "काय लिवताय एवढं?" म्या म्हणलो, "तुलाच लिवतोय." "मग वाचा की. दादाच्या तोंडून ऐकून कंटाळा आला." म्हणून वाचून दावलं, ह्या कागदावरचं पहिल्यापासनं. माझ्या बायकोला माझं पत्र म्या पहिल्यांदा वाचून दावलं. मधे दोनदा तिनं तोंड फिरवून नदीकडं बघितलं. जोडवं पायरीवर ठेवलं तर ते तिनं उचललं, उन्हात धरून सांधा बरोबर बसलाय का ते बघितलं, आन मग पायात घातलं.

मग तिनं विचारलं, "कवा निघायचं?"

म्या म्हणलो, "तू जेवलीस की."

अण्णा, वहिनींना सांगून आज दिवे जरा लवकर लावा.